सगळी एका फोटोत

१४ जून १९८६

सासूबाईंचा उजवा डोळा गेला. डॉक्टरीणबाईंनी आईंसमोरच सांगून टाकलं! काचबिंदू. उजव्याचं आता काही होणार नाही. डाव्याने मधलं तेवढं दिसतंय, नळीतून बघावं तसं. थेंब घालत राहा, टिकेल तेवढं टिकेल. किती टिकेल, मी विचारलं. "वर्ष म्हणा. कमीसुद्धा म्हणा," म्हणाल्या.

आई बाहेर बाकावर बसल्यावर पदराने चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "क्षमा, माका एकदा सगळ्यांक एकदम बगूचा आसा."

मी म्हटलं, एवढंच ना? माझ्या मावसभावाने, शरदने, मस्कतहून कॅमेरा आणून दिलाय, तो डब्यात पडलाय. सगळ्यांचा झकास फोटो काढू. मोठा करून लावू.

"सगळ्यांचो?" आई हसल्या.

तिथेच तर गोची आहे.

१५ जून

काल अर्धवटच ठेवलं. आज लिहून काढते, म्हणजे डोक्यात तरी नीट बसेल.

धोंडूदादा, म्हणजे माझे मोठे दीर, आणि वनमाला, माझी नणंद — तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. वनूने चंद्रप्रकाशशी लग्न केलं म्हणून. तो जबलपूरकडचा. पण राग त्याचा नाहीच! संपात दादांची गिरणी सुटली तेव्हा ह्याच चंद्रप्रकाशने त्यांना साकीनाक्याला लेथवर चिकटवलं होतं. दोघे जिगरी. रविवारी हा दादांच्या घरी, भटवाडीच्या चाळीत, जेवायला. आधी मासे बघून नाक मुरडायचा, मग आईंच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं वर मागून खायला लागला. आणि एक दिवस वनू नि तो बांद्र्याला जाऊन सह्या करून आले. घरी सांगितलं ते नंतर!

दादा तेव्हा जे म्हणाले ते मी विसरत नाही. "परका म्हणून नाही. रोज माझ्या बाजूच्या मशीनवर उभा होता, नि मला बोलला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती नोकरी सोडली. आता त्याच गल्लीत दुसऱ्या शेडमध्ये आहेत. म्हणे एकाच टपरीवर चहा पितात, पण हा आला की तो उठतो.

वनूला मुलगी झाली. नंदा. अडीच वर्षांची आहे. तिच्या आजीने तिला अजून पाहिलेली नाही! दादांनी सांगून ठेवलंय, वनू ह्या घरात येणार नाही. आणि आई वनूकडे बोरिवलीला जात नाहीत. "झिलाच्या घरात रवतंय. त्याचा मन मोडून खंय जाव?"

जयवंतला म्हटलं, तुझी भावंडं तू बघ. तो म्हणतो, मी मधला, माझं कोण ऐकतंय! नवरा माझा गोड आहे, पण असल्या वेळी अगदी भिजलेला पापड.

२९ जून

लेकीचा, सुहासिनीचा, पाचवा वाढदिवस. म्हटलं इथेच हात बसवू. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधली सगळी पोरं, शेजारणी, माझे आईबाबा — तीन तीनदा उभं केलं सगळ्यांना. पोरं कंटाळून रडायला लागली. केक वितळला. अख्खा रोल संपवला!

४ जुलै

रोल कोरा. एक फोटो नाही! स्टुडिओवाला म्हणाला, फिल्म खाचेत अडकलीच नव्हती, तुम्ही नुसतंच खटखट करत होता. जयवंत इतका हसला की बनियनवर चहा सांडला. मीही हसले शेवटी. करणार काय.

२० जुलै

पाऊस उघडला म्हणून पवईला गेलो, तलावावर. ऑफिसमधल्या सुमन, लता आणि त्यांची मंडळी. टेलिफोनच्या बोर्डावर बसून दिवसभर लोक जोडतो आम्ही, पण ह्यांना एका ओळीत उभं करणं — बाप रे! एक चप्पल शोधतोय, एक भजी आणायला गेलाय.

पण आज आले! सगळे फोटो आले! (हे पंचवीस तारखेला लिहितेय, मागच्या पानावर जागा होती म्हणून.) काही गोष्टी कळल्या. ऊन पाठीशी घेऊन उभी राहिले तर समोरच्यांचे डोळे बारीक होतात, तोंडं लिंबू चोखल्यासारखी. ऊन बाजूने हवं, सकाळचं, नाहीतर सरळ सावली. उंच माणसं मागे हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण एका रेषेत उभं केलं की शाळेचा फोटो होतो. कोणी बसलेलं, कोणी वाकलेलं, एखादं पोर कडेवर — मग ती माणसं एकमेकांची वाटतात. आणि "हसा" म्हणायचं नाही. हसा म्हटलं की सगळे दात दाखवतात. काहीतरी बोलत राहायचं. आणि एकावर थांबायचं नाही, कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असतातच. जयवंतचे तर प्रत्येक फोटोत!

१० ऑगस्ट

बोरिवलीला वनूकडे गेले. सुहाला घेऊन. नंदा किती गोड आहे! कुरळे केस, कपाळावर यायचे ते सारखी फुंकरीने उडवते. सुहाचा फ्रॉक धरून घरभर फिरली.

वनूला डोळ्यांचं सांगितलं. ती पोळ्या करत होती. लाटणं तसंच हातात राहिलं. तव्यावरची पोळी जळली तेव्हा चंद्रप्रकाश आतून आला, गॅस बंद केला, तिच्या हातातून लाटणं काढून घेतलं.

"येते की. आत्ता येते. दादाने एकदा ये म्हणू दे फक्त," वनू म्हणाली. "दारातून परत पाठवलं तर आईच्या देखत... ते नको गं."

चंद्रप्रकाश स्टॅंडपर्यंत सोडायला आला. मग म्हणाला, "भाभी, धोंडूभाऊंची गलती नाही. मला सांगायचं होतं. रोज सकाळी ठरवायचो, आज बोलतो. त्यांच्या समोर उभा राहिलो की हिंमत नाही व्हायची."

मी त्याला सांगितलं, हे मला नको सांगूस. मला सांगून काय उपयोग!

१७ ऑगस्ट

भटवाडीला गेले. दादांपुढे विषय काढला. फोटोचा. सगळ्यांचा. ते जेवत होते. म्हणाले, "काढ की. आम्ही आहोत ना सगळे."

मी म्हटलं, वनू?

हात धुऊन उठले. ताटात भात तसाच.

विमलावहिनी, म्हणजे माझी जाऊ, ताट उचलता उचलता मला म्हणाल्या, "झालं समाधान? फोटो काढायला आधी माणसं लागतात, मुलुंडवाली बाई. कॅमेरे काय, कोणी पण आणतं."

बरोबरच आहे त्यांचं. पण बोलणं असं की जखमेवर तिखट. सात वर्षं झाली लग्नाला, त्यांच्या तोंडून एकदा गोड शब्द ऐकला असेल तर शपथ.

गणपतीचा दुसरा दिवस

भटवाडीत गणपती. आरती झाली, उकडीचे मोदक झाले. जमलेले होतेच सगळे, म्हणून म्हटलं, आहेत त्यांचा तरी एक काढून ठेवते. आईंसाठी खुर्ची मांडली मखराशेजारी. दादा, वहिनी, त्यांचे दोघे मुलगे, जयवंत, सुहा. सगळे उभे राहिले. आई मात्र खुर्चीकडे आल्याच नाहीत. मोरीजवळ भांडी विसळत बसल्या.

दादांनी हाक मारली. "गे आये, चल ना! थांबलोय आम्ही."

"तुमी काढा. अर्धो फोटो नको माका."

मोठ्याने नाही बोलल्या. पण ऐकलं सगळ्यांनी. दादा तसेच बाहेर गॅलरीत गेले. मी कॅमेरा पिशवीत घातला.

परत येताना जयवंत म्हणाला, "आई आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नको म्हणाली." रडवेला झाला होता. आज त्याला पापड म्हणणार नाही.

६ ऑक्टोबर

नवरात्र बसलं. आज डोळे दाखवायची तारीख होती. मी रजा टाकून भटवाडीला गेले, तर आई यायलाच तयार नाहीत. "थेंब घालतंय मी. बरा आसा." वहिनी तर अंगावरच आल्या — "कशाला सारखं त्यांना हॉस्पिटलात फिरवायचं? उपास आहेत त्यांचे. दिवाळी झाली की बघू."

मी तरी पुष्कळ सांगितलं. ऐकलं नाही दोघींनी. गॅलरीतूनच परत फिरले. रजा फुकट. चिडचिड झाली.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज एक नवलच! दुपारी दार वाजलं, बघते तर विमलावहिनी. एकट्या! ह्या घरात सात वर्षांत दोनदा आल्या असतील, त्याही सगळ्यांबरोबर. चप्पल न काढताच उंबऱ्यात उभ्या.

"भाऊबीजेला तो फोटो काढायचा. तू वनूला आण. मुलीला आण. ह्यांना मी बघते."

मी म्हटलं, आत तरी या. चहा ठेवते.

"चहा नको. आणशील ना?"

"आणते हो. पण दादा?"

"मी बघते म्हटलं ना!"

तरी बसल्या शेवटी. पाणी प्यायल्या. कॅमेरा बघायला मागितला. किती लांबून फोटो येतो, माणसाने कुठे बघायचं, बाजूला कोणी उभं राहिलेलं चालतं का — काय काय विचारलं! मी सगळं सांगितलं. जाताना सुहाच्या हातात चिक्कीचा पुडा ठेवला. मी विचारलं, वहिनी, अचानक काय झालं? तर म्हणाल्या, "दिवाळी आहे. काय व्हायला पाहिजे?"

देवच पावला म्हणायचं.

२६ ऑक्टोबर

जयवंत भटवाडीला जाऊन आला. वहिनींनी दादांना काय सांगितलं ते त्याला तिथल्या पोरांकडून कळलं. म्हणे, पाच दिवस घरात एक शब्द बोलल्या नाहीत. स्वयंपाक केला, ताट वाढलं, पण बोलणं नाही. सहाव्या दिवशी दादाच म्हणाले, "अगं बोल तरी काय पाहिजे ते!" वहिनी म्हणाल्या, "तुमची बहीण."

दादांनी अट घातलीय. वनू येऊ दे, पोर येऊ दे. तो नको.

वनूला ऑफिसातून फोन लावला, तिच्या शेजारच्यांकडे. तो नको, हे सांगताना माझीच जीभ अडखळली. तिने तिकडे कोणाला तरी विचारलं. मग म्हणाली, "तो म्हणतोय जा. मागेच उभा आहे. म्हणतोय, बेशक जा."

पाडवा

नवीन रोल. खाचेत नीट बसलाय का, तीनदा बघितलं!

भाऊबीज

कुठून सुरू करू! हात दुखतोय, गाल दुखताहेत हसून, डोळे सुजलेत. सगळं लिहायचंय.

सकाळी लवकर भटवाडीला पोचलो. आदल्या आठवड्यात जागा बघून ठेवली होती. खोलीत अंधार, गॅलरी अरुंद. पण चाळीसमोर डोंगरावर चढणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत ना, तिथे सकाळचं ऊन बाजूच्या भिंतीवर आदळून मऊ होऊन येतं. आणि पायऱ्याच असल्यामुळे आपोआप वरखाली उभे राहतात सगळे. मी तिथे पोरांकडून झाडून घेतलं. आईंसाठी खुर्ची.

वनू आली. अबोली रंगाची साडी, कडेवर नंदा. खालच्या वळणावर दिसली. पाठीमागे चंद्रप्रकाश होता, हातात पिशवी. खाली टपरीपाशी त्याने पिशवी तिच्याकडे दिली आणि बाकावर बसला. वर बघितलंसुद्धा नाही त्याने.

दादा दारात उभे होते. नवीन शर्ट, हात मागे. वनू समोर येऊन थांबली. ह्या दोघांना कोणीतरी काहीतरी बोलायला लावा, असं मला झालं. तर नंदा! तिने दादांकडे बघितलं, कपाळावरचे केस फुंकरीने उडवले आणि म्हणाली, "मामा आहे का हा?"

दादा म्हणाले, "हो गं बाय. मामाच आहे."

बस. एवढंच बोलले. पण हात पुढे केले आणि ती गेली त्यांच्याकडे. वनू दाराच्या चौकटीला धरून रडत राहिली. वहिनी आतून ओरडल्या, "पाट मांडलाय, ओवाळायचं की नाही? तेल संपतंय दिव्यातलं!"

ओवाळताना वनूच्या हातातलं ताट कलंडायला लागलं, तसं दादांनी ते खालून धरलं. जयवंतला ओवाळताना मात्र ती हसली. "तू काय, तू चोरून दर महिन्याला येतोस," म्हणाली. दादांच्या समोर! जयवंतची वाट लागली. मलासुद्धा माहीत नव्हतं हे! नवऱ्याबद्दल आज दोन पापड मागे घेतले.

आई खाटेवर बसलेल्या. वनू पायाशी बसली. "इलंस गो चेडवा?" एवढंच म्हणाल्या आणि तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. मग नंदाला जवळ घेतलं. नाक चाचपलं, कान, हनुवटी, बोटं एकेक. सावकाश. नंदा पण शहाणी, हलली नाही. "नाक आजोबाचा," आई म्हणाल्या. "गिरणीतसून कापूस भरून येय तो नाकात." सगळे हसलो.

मग बाहेर, पायऱ्यांवर. वहिनींनी आईंचा हात धरून आणलं. खुर्ची मधोमध ठेवली होती, पण आईंनी बसायच्या आधी वेगळंच सांगितलं. "क्षमा, आदी माका तुज्या बाजूक बसय. समोरसून बगतंय सगळ्यांक. मगे फोटो."

कसं सुचलं नाही मला हे! त्यांना फोटो बघायचा नव्हता, माणसं बघायची होती. खुर्ची माझ्या शेजारी आणली. समोर पायऱ्यांवर सगळी उभी. दादा, वनू, जयवंत, तिघांची पोरं पुढे. वहिनींना म्हटलं, तुम्ही पण जा ना तिथे. तर म्हणाल्या, "आईंजवळ कोण नको का?" आणि खुर्चीला खेटून उभ्या राहिल्या.

आई बराच वेळ समोर बघत होत्या. चाळीतली माणसं गॅलरीत येऊन बघायला लागली. वहिनी मधूनमधून वाकून आईंच्या कानाशी काहीतरी बोलायच्या. मग आई एकेकाला हाक मारायला लागल्या.

"धोंड्या, निळो शर्ट बरो दिसता रे तुका. वनू, बारीक झालंस गो. जयवंता, डोळे उगड." काय हसले सगळे! "सुहा, दात पडलो मा गो तुजो?"

सगळं दिसत होतं त्यांना! शर्टाचा रंगसुद्धा! मला इतकं बरं वाटलं. थेंबांनी गुण दिला म्हणायचा. दवाखान्याच्या तारखेवरून मी उगाच चिडले होते.

मग आई थांबल्या. म्हणाल्या, "एक माणूस कमी आसा."

वनूने खाली बघितलं.

"जावई खंय आसा?"

"आये..." दादा म्हणाले.

"मी इचारलंय, जावई खंय आसा. अर्धो फोटो नको म्हणून सांगितलेलंय मी तुका."

दादा उभेच. मानेवरची शीर दिसत होती. मी कॅमेरा खाली केला. मनात म्हटलं, गेलं, सगळं गेलं. वनू म्हणाली, "राहू दे आई, तो खाली ठीक आहे," तेव्हा दादा पायऱ्या उतरायला लागले. मला वाटलं, निघाले आता ते. माझ्या शेजारून गेले, बघितलंसुद्धा नाही. सरळ खाली, वळणाच्या खाली, टपरीपाशी.

चंद्रप्रकाश त्यांना बघून उठला. तो आला की हा उठतो ना, तसाच! सवयीने. जायला वळला. दादांनी त्याचा दंड धरला.

काय बोलले ते वर ऐकू आलं नाही. फक्त शेवटचं, कारण दादांचा आवाज चढला — "चल आता वर! तुझ्यापायी फोटो अडलाय सगळ्यांचा!"

वर येताना चंद्रप्रकाश पुढे, दादा मागे. चंद्रप्रकाश रडत होता, उघड, लहान मुलासारखा, आणि दादा मागून "चल, चल," म्हणत होते. आईंच्या पायाशी वाकला. आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवून जा हं," म्हणाल्या. "तिसऱ्यो आणलेत विमलान."

मग खुर्ची मधोमध. आई बसल्या. नंदा मांडीवर. वहिनी आता शेजारी उभ्या. दादा नि चंद्रप्रकाश मागे एकाच पायरीवर. मला बोलत राहायचं होतं ना त्यांना हसवायला, तर मीच पदराने डोळे पुसत होते. जयवंत म्हणाला, "फिल्म खाचेत आहे ना, बाई?" आणि सगळे एकदम हसले. मी खटखट खटखट मारतच सुटले.

शेवटच्यात मीसुद्धा. स्टुलावर डबा, डब्यावर कॅमेरा, आपोआप बटण पडतं ते लावलं आणि धावले. साडीत पाय अडकला. वनूने ओढून घेतलं.

तिसऱ्या सगळ्यात जास्त कोणी खाल्ल्या ते लिहायला नको.

देवा, आभार. आज दुसरं काही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

फोटो आले. स्टुडिओतच पाकीट फोडलं, घरी येईपर्यंत धीर कुठला! आलेत! जवळजवळ सगळे आलेत!

प्रत्येकात काही ना काही आहेच. जयवंतचे डोळे — जाऊ दे. एकात सुहा नाकात बोट घालून. वहिनी तर एकाही फोटोत समोर बघत नाहीत, सारख्या आईंकडे वाकलेल्या, तोंड त्यांच्या कानाशी. किती वेळा सांगितलं होतं! पण एक आहे, जयवंतच्या त्या बोलण्यावरचा. दादांचं तोंड हसून वासलेलं, चंद्रप्रकाशने त्यांच्या खांद्याला धरलंय पडू नये म्हणून, वनू हसतेय नि रडतेय, नंदाने केस उडवायला ओठ पुढे काढलेत. आई मध्ये. ताठ. चेहरा वर उचललेला, अगदी प्रसन्न.

तोच मोठा करायला टाकला.

आज संध्याकाळी सहज मनात आलं. मला ह्या घराने काय काय दिलं! लग्न होऊन आले तेव्हा मी एकुलती एक, आईबाबा आणि मी, तीन माणसांचं घर. फोटोत बाजूला जागा उरायची. आता मावत नाहीत माणसं.

१६ नोव्हेंबर

फ्रेम करून भटवाडीला नेला. दादांनी स्वतः खिळा ठोकला. आईंनी काचेवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "बरो इलो," म्हणाल्या. "देवाच्या बाजूक लावा."

चंद्रप्रकाश आला होता. दादा नि तो आता एकत्र चहा पितात. त्या टपरीवरच. चंद्रप्रकाश म्हणतो, भाऊ अजून शिव्या देतात. पण तोंडावर देतात!

वहिनींना मी म्हटलं, आता तरी तारीख घेऊ या दवाखान्याची. ह्या वेळी नाही म्हणाल्या नाहीत. "मी पण येते," म्हणाल्या.

२२ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली. डाव्या डोळ्यावर, मग परत उजव्यावर. बोटं दाखवली. किती, ते आईंना सांगता आलं नाही. "कधीपासून दिसत नाही, आजी?"

"नवरात्राच्या आदीपासना," आई म्हणाल्या.

मला काही समजेना. मी म्हटलं, "आई, भाऊबीजेला? पायऱ्यांवर? दादांचा निळा शर्ट..."

"विमला सांगी माका कानात."

वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना घटस्थापनेच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. कोणाला सांगायचं नाही, अशी आईंनी शपथ घातली होती. सांगितलं असतं तर धोंडू कीव येऊन तयार झाला असता, आणि तसं आईंना नको होतं.

रिक्षात आई आमच्या दोघींच्या मध्ये बसल्या. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी माझा हात शोधला. "क्षमा, नंदू कशी दिसता ता सांग माका. विमला सांगूक लागता, पण मदीच रडता."

मी केसांपासून सुरुवात केली. घर येईपर्यंत सांगत होते.